पत्रा किती पातळ करायचा? : अमेरिकेतल्या सर्वांत हलक्या मसल कारची गोष्ट

गेल्या वेळी आपण यंत्रयुगातल्या अवजड गोष्टींबद्दल बोललो, आज हलक्या गोष्टींबद्दल बोलू या. सुरुवात करू एका छोट्याशा धातूच्या पट्टीपासून.

१९६४ साली अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने फेअरलेन थंडरबोल्ट नावाच्या शंभर गाड्या बनवल्या. त्या गाडीत एक पट्टी बसवलेली असे. तिच्यावरच्या मजकुराचा मतलब असा होता : ही गाडी शर्यतीसाठी मुद्दाम हलकी बनवलेली आहे, तिच्यात फायबर आणि ॲल्युमिनियमचे भाग आहेत, आणि वजन वाचवण्याच्या नादात पत्रा नीट जुळणं, वरून चकचकीत दिसणं या बाबतीत कंपनीची नेहमीची प्रत इथे राखलेली नाही.

आता विचार करा, कुठला दुकानदार स्वतःच्या मालावर असं लिहील? आपल्याकडे हलवाई पेढ्यावर ‘साखर जरा कमी-जास्त असेल’ अशी चिठ्ठी लावत नाही. मग जगातल्या बलाढ्य मोटार कंपन्यांपैकी एक असलेल्या फोर्डने ही कबुली स्वतःहून गाडीतच का ठोकली? या एका प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं, की अमेरिकेतल्या सर्वांत हलक्या मसल कारचा सगळा इतिहास हाती लागतो. आणि तो इतिहास यंत्राचा कमी, नियमांचा जास्त आहे, असं आमचं म्हणणं आहे. ते पटतं का, ते तुम्ही शेवटी ठरवा.

मसल कार म्हणजे काय?

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराच्या साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ ही या घराण्याची मूळ मानकरी मानतात. तिची जन्मकथाही नियमातूनच येते. जनरल मोटर्सचा दंडक होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकच्या मंडळींनी, त्यांत जॉन डीलोरियन हे प्रमुख, ३८९ घनइंचांचं इंजिन ‘नवीन गाडी’ म्हणून दिलंच नाही. टेम्पेस्ट नावाच्या जुन्या गाडीवर जास्तीची सोय म्हणून दिलं, तीनशे डॉलरच्या आत. नवीन गाडीला वरिष्ठांची मंजुरी लागते, जास्तीच्या सोयीला लागत नाही! पळवाट म्हणा, हुशारी म्हणा.

हे घनइंचाचं माप आपल्या कानाला परकं आहे. म्हणून एक तुलना करू. त्याच १९६४ साली आपल्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात फियाट ११०० बनत होती. इंजिन १,०८९ सीसी, वजन नऊशे किलोच्या आसपास. थंडरबोल्टचं इंजिन होतं ४२७ घनइंचांचं, म्हणजे सात लिटर, सात हजार सीसी. तिच्या एकेका सिलिंडरचं माप सुमारे ८७५ सीसी. फियाटचं चारही सिलिंडर मिळून जे इंजिन होतं, त्याच्या ऐंशी टक्के यांचा एक सिलिंडर! आणि जिला ‘हलकी’ म्हणतात त्या थंडरबोल्टचं वजन साडेचौदाशे किलोच्या घरात. म्हणजे सात माणसं कोंबलेली फियाटसुद्धा रिकाम्या थंडरबोल्टपेक्षा हलकीच भरायची. तेव्हा आज ‘हलकी’ हा शब्द आपण अमेरिकी मापाने वापरणार आहोत, हे ध्यानात ठेवा.

याच कुर्ल्याचा आणखी एक धागा आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून तिथे गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या फियाट नव्हत्या, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो होत्या. म्हणजे आज ज्या डॉज आणि प्लिमथच्या गोष्टी सांगणार आहोत, ती नावं मुंबईच्या रस्त्यावर आधीच येऊन गेली होती. फक्त इथे ती शेठजींना ऐसपैस बसवून नेत होती, आणि तिकडे त्याच घराण्याच्या गाडीची मागची सीट उपटून फेकली जात होती.

पाव मैल आणि नियमांचं पुस्तक

सीट का उपटायची? तर शर्यतीसाठी. अमेरिकेत ड्रॅग रेस नावाचा प्रकार आहे. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा लागला की सुटायचं, सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, फेरा नाही, दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. सुरुवातीला हा सगळा प्रकार रस्त्यावर, चोरून चाले. त्याला शिस्त लावायला वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना काढली. आपण तिला नुसतं ‘संघटना’ म्हणू.

उभ्या जागेवरून वेग घ्यायचा असेल तर दोनच उपाय. जोर वाढवा, नाहीतर ओझं कमी करा. शाळेतला न्यूटनचा दुसरा नियम. ड्रॅग रेसवाल्यांचा तोंडी हिशेब असा, की शंभर पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलो कमी केले की पाव मैलात साधारण सेकंदाचा एक दशांश भाग वाचतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जिथे निकालच असा काही शतांश सेकंदांवर लागतो, तिथे एक दशांश म्हणजे पुष्कळ झाला.

आता संघटनेपुढे अडचण होती. शर्यतीत येणारी गाडी ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच आहे, हे ठरवायचं कसं? त्यासाठी नियम आले. इंजिन सात लिटरपेक्षा मोठं नको. गाडीचं वजन अमुक मर्यादेच्या खाली नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, कंपनीने तशा गाड्या ठरावीक संख्येने बनवलेल्या आणि विकायला ठेवलेल्या हव्यात. एकच गाडी गुपचूप बनवून ‘ही आमची नेहमीची’ म्हणायची सोय नको. म्हणूनच या गोष्टीत ४२१, ४२६, ४२७ असे आकडे पुन्हा पुन्हा येतात. सगळे सात लिटरच्या रेषेला नाक लावून उभे. आणि म्हणूनच गाड्यांची संख्या पन्नास, शंभर अशी ठोकळ दिसते. गिऱ्हाइकाची मागणी तेवढी होती असं नव्हे, नियमाला तेवढ्या हव्या होत्या.

चाळणी झालेली चासी

थोडं मागे जाऊ. ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल मां इथल्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या गाडीचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं, कारण मॅग्नेशियम हलकं. पण मॅग्नेशियम पेटलं की भयंकर पेटतं, तसं ते पेटलं. हलकेपणाची किंमत कधी कधी कोण मोजतं, याचं हे पहिलं उदाहरण लक्षात ठेवा. ती मोजणारे बहुतेक जण गाडीत नव्हते, कठड्यापलीकडे उभे होते.

त्यानंतर शर्यतींविरुद्ध ओरड सुरू झाली. अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांच्या संघाने जून १९५७ मध्ये ठराव केला, की यापुढे कंपन्यांनी शर्यतींना थेट मदत करायची नाही, जाहिरातीत वेगाचा डंका पिटायचा नाही. ठराव कागदावर राहिला. मागच्या दाराने सुटे भाग जातच होते.

त्यात पॉन्टियॅक पुढे होती. १९६२ च्या सुमारास तिने कॅटलिना या आपल्या लांबलचक गाडीला ॲल्युमिनियमचं बॉनेट, ॲल्युमिनियमचे मडगार्ड आणि बंपर लावले. १९६३ साठी तर कहरच केला. चौदा कॅटलिना अशा बनवल्या, की त्यांच्या चासीच्या पोलादी तुळयांना मोठमोठी भोकं पाडली. लोकांनी त्या गाड्यांना भोकाभोकांच्या स्विस चीजचं नाव दिलं. आपण चाळणी म्हटलं असतं. एवढं करून ती गाडी दीड टनाच्या आसपास आली. चासी हा गाडीचा कणा. कण्यालाच भोकं पाडायची वेळ येते, तेव्हा बाकीचं काढण्यासारखं सगळं काढून झालेलं असतं.

शेव्हरोलेनेही त्याच वर्षी इम्पाला गाडीची ४२७ घनइंचांची आवृत्ती ॲल्युमिनियमच्या पुढच्या भागासह काढली. ५७ गाड्या. पण जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी हुकूम सोडला, की शर्यती बंद म्हणजे बंद. कंपनीचा बाजारातला वाटा इतका मोठा झाला होता, की सरकार मक्तेदारीचा खटला भरेल या भीतीने ती फार नजरेत येऊ इच्छित नव्हती. या हुकुमाने मैदानात फोर्ड आणि क्रायस्लर एवढेच उरले.

शंभर थंडरबोल्ट

फोर्डने १९६३ ला गॅलेक्सी ही मोठी गाडी फायबरचे भाग लावून हलकी करून पाहिली. पण म्हशीला कितीही उपाशी ठेवलं तरी तिची हरणी होत नाही. गाडी दीड टनाच्या पुढेच राहिली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की मोठी गाडी छाटण्यापेक्षा लहान गाडीतच मोठं इंजिन घालावं. फेअरलेन ही मध्यम गाडी निवडली. काम दिलं डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग या बाहेरच्या कारखान्याला.

इंजिन आत मावेना, म्हणून पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनची मांडणी बदलली. बॉनेट फायबरचं, आणि खालचं इंजिन उंच म्हणून त्याला थेंबाच्या आकाराचा फुगवटा. मडगार्ड फायबरचे. पुढचा बंपर आधी फायबरचा, मग संघटनेचा नियम आल्यावर ॲल्युमिनियमचा. खिडक्यांना काचेऐवजी प्लास्टिक. चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून तिथे जाळी बसवली, आणि त्यातून जाड नळ्यांनी थंड हवा थेट कार्ब्युरेटरला दिली.

आता काय काय काढलं त्याची यादी ऐका. रेडिओ, हीटर, गालिचा, आवाज दाबणारे थर, सांध्यांतलं सीलिंग, उन्हाच्या झडपा, हात टेकायचे दांडे, जॅक, पान्हा, आणि शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचा वायपर. चालकापुढचा वायपर ठेवला. शेजारच्याला पाऊस दिसला काय नि न दिसला काय.

इतकं केल्यावर गाडी आली ३,२०० पौंडांच्या काठावर, म्हणजे साधारण १,४५० किलो. आणि संघटनेची त्या वर्गातली किमान मर्यादा होती, अंदाज करा, ३,२०० पौंड! म्हणजे अभियंत्यांनी गाडी शक्य तितकी हलकी केली नव्हती. नियम म्हणेल तितकीच केली होती. किंमत चार हजार डॉलरच्या आत, आणि कागदोपत्री कुणीही विक्रेत्याकडे जाऊन मागावी अशी. गॅस रोंडा या चालकाने १९६४ चं संघटनेचं स्टॉक गाड्यांचं जगज्जेतेपद हीच गाडी चालवून मिळवलं.

आता ती पट्टी पुन्हा आठवा. ‘स्टॉक’ ठरायचं तर गाडी विकायला हवी. विकायची तर गिऱ्हाईक तक्रार करणार, की दार नीट लागत नाही, पाणी आत येतं. म्हणून आधीच लिहून ठेवलं, की ही आमची नेहमीची प्रत नव्हे. एकाच गाडीबद्दल कंपनी संघटनेला सांगत होती ‘ही आमची नेहमीची गाडी आहे’, आणि गिऱ्हाइकाला सांगत होती ‘ही आमची नेहमीची गाडी नाही’. पट्टीचा जन्म या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत झाला.

वजन किती, आणि कुठे?

क्रायस्लरकडे वळू. फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोनाची मोठी शर्यत रिचर्ड पेटी याने प्लिमथमधून जिंकली. तिच्यात नवं ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन होतं. जोर अफाट, पण इंजिन लोखंडी, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. ड्रॅग रेससाठीच्या गाड्यांत ते घातलं, तर सगळा भार नाकावर. म्हणून पुढचे मडगार्ड, बॉनेट ॲल्युमिनियमचे केले.

इथे जरा थांबू या, कारण सरसकट ‘वजन कमी केलं’ म्हणताना एक बारकावा सुटतो. या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना मिळते. मागच्या चाकांवर भार नसेल, तर ती नुसती जागेवर गरगर फिरतात, टायरचा धूर निघतो, गाडी पुढे सरकत नाही. आपल्याकडे चिखलात रिकामा टेम्पो रुतला, की चार पोरांना मागे उभं करतात ना? तेच तत्त्व. म्हणून पुढचं वजन काढायचं आणि जे काढता येत नाही ते मागे न्यायचं. बॅटरी बॉनेटखालून उचलून डिकीत गेली. थंडरबोल्टमध्येही तसंच होतं.

१९६५ ला संघटनेने सांगितलं, की सुपर स्टॉक वर्गात ॲल्युमिनियम आणि फायबरचे भाग चालणार नाहीत, पत्रा पोलादाचाच हवा. क्रायस्लरने मान डोलावली आणि पोलादाचाच पण पातळ पत्रा लावला! नियमात धातूचं नाव होतं, जाडी नव्हती. खिडक्यांना खास पातळ काच, आणि चालकाला बसायला कंपनीच्या मालवाहू व्हॅनमधली साधी हलकी सीट. अशा डॉज आणि प्लिमथ प्रत्येकी शंभराच्या आसपास बनल्या.

त्याच वर्षी क्रायस्लरने काही गाड्या अशाही बनवल्या, की त्यांची चाकंच पुढे सरकवली. मागची चाकं पुढे आली की गाडीचा जास्त भार त्यांच्यावर येतो. अंगाचा पत्रा ॲसिडात बुडवून आणखी झिजवला. दिसायला गाडी इतकी विचित्र झाली, की लोक तिला ‘फनी कार’ म्हणू लागले, आणि पुढे त्या नावाचा शर्यतीचा एक वेगळाच प्रकार उभा राहिला. संघटनेने मात्र त्यांना स्टॉक वर्गात घ्यायला साफ नकार दिला. कुठेतरी रेषा ओढावी लागतेच.

मागची सीट आणि एक व्याख्या

एक उदाहरण ड्रॅग रेसच्या बाहेरचं देतो, कारण सर्वांत हलकी कोणती हा प्रश्न आला की हे नाव येतंच. १९६५ ची शेल्बी जीटी ३५०. कॅरोल शेल्बी यांनी फोर्डची मस्टँग घेतली. वळणावळणांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या लेखी मस्टँग ही ‘स्पोर्ट्स कार’ नव्हती, कारण तिला चार माणसांची जागा. शेल्बींनी मागची सीट काढली आणि तिथे स्टेपनी ठेवली. झाली दोन माणसांची स्पोर्ट्स कार. इथे सीट वजनासाठी गेली त्याहून जास्त व्याख्येसाठी गेली.

यातली खास शर्यतीची आर आवृत्ती फक्त ३६. बंपर नाहीत, खिडक्या प्लास्टिकच्या, वजन २,५५० पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १,१५० किलो. इंजिन ४.७ लिटरचं. या गाडीला मसल कार म्हणायचं की नाही यावर जाणकार आजही भांडतात. म्हणायचं ठरवलं, तर आजच्या यादीत सर्वांत हलकी तीच.

१९६८ : रस्त्यावर नेऊ नका

आता शेवटच्या टोकाला येऊ. डॉज डार्ट आणि प्लिमथ बाराकुडा या क्रायस्लरच्या लहान गाड्या. १९६८ साली त्यांच्यात ते अवजड हेमी इंजिन कोंबलं. जोडणीचं काम हर्स्ट या कंपनीकडे. सुमारे ८० डार्ट, सुमारे ७० बाराकुडा. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरचे, दारं ॲसिडात झिजवलेली, काच पातळ. खिडकी वर-खाली करायचं हँडल आणि त्यामागची सगळी यंत्रणा काढून टाकली, काच ओढायला नुसता पट्टा. मागची सीट नाही. पुढे व्हॅनच्याच सीटा. गाड्या पक्का रंग न देताच विकल्या, तुमचा तुम्ही रंगवा. वजन साधारण ३,००० पौंड, म्हणजे १,३६० किलो.

आणि याही गाडीवर एक सूचना होती. तिचा मतलब : ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी बनवलेली नाही आणि ती सुरक्षेच्या मानकांत बसत नाही.

१९६४ ची पट्टी आणि १९६८ ची सूचना शेजारी ठेवा. चार वर्षांत वाक्य कसं बदललं बघा. आधी म्हणत होते, ‘ही गाडी नीटनेटकी नाही.’ आता म्हणतात, ‘ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही.’

मधल्या काळात काय झालं होतं? १९६५ च्या अखेरीस राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेबद्दलचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत खळबळ उडाली. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९६८ पासून बनणाऱ्या गाड्यांना सुरक्षेची पहिली मानकं लागू झाली. म्हणजे आतापर्यंत नियम लिहीत होती शर्यतीची संघटना, आता सरकारही लिहायला बसलं. शर्यतीचा नियम विचारत होता, ‘गाडी किमान किती जड हवी?’ सरकारचा नियम विचारत होता, ‘धडक बसली तर आतल्या माणसाचं काय?’ ॲसिडात झिजवलेलं दार पहिल्या प्रश्नाला छान उत्तर देतं. दुसऱ्या प्रश्नापुढे ते गप्प बसतं.

आम्हाला वाटतं, या विषयाचं खरं मर्म इथे आहे. गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू कुणासाठी तरी होती. हीटर थंडीत बसणाऱ्यासाठी, मागची सीट मुलांसाठी, शेजारचा वायपर शेजारणीसाठी, जाड दार सगळ्यांसाठी. एकेक वस्तू गेली तसं एकेक माणूस गाडीतून उतरत गेलं. शेवटी एकटा चालक उरला, आणि त्यालाही रस्ता बंद झाला.

हलकेपणाचे आणखी दोन रस्ते

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट होईल. कारण हलकं होण्याचे आणखी दोन मार्ग त्याच काळात पुढे आले.

पहिला, अंगाऐवजी इंजिनच हलकं करा. १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो झेडएल १. इंजिन ४२७ घनइंचांचंच, पण अख्खं ॲल्युमिनियमचं, त्यामुळे वजनाला एखाद्या लहान लोखंडी इंजिनाइतकं. अंगाचा पत्रा जाडच राहिला, काच खरी राहिली, सीटा राहिल्या. फक्त किंमत गगनाला भिडली. नुसत्या इंजिनाचे चार हजार डॉलरहून जास्त, आणि गाडी सात हजारांच्या पुढे. फ्रेड गिब नावाच्या विक्रेत्याने संघटनेची अट पुरी व्हावी म्हणून पन्नास गाड्या मागवल्या. बिल आलं तेव्हा डोळे पांढरे झाले. बऱ्याचशा गाड्या त्याला कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या. एकूण बनल्या ६९. आज ज्या गाडीसाठी लिलावात चढाओढ लागते, ती तेव्हा दुकानात धूळ खात होती.

दुसरा मार्ग सर्वांत साधा. मुळात लहान आणि स्वस्त गाडी घ्या. १९६९ साली अमेरिकन मोटर्स या धाकट्या कंपनीने हर्स्टच्याच मदतीने एससी रॅम्बलर काढली. रॅम्बलर ही काटकसरी लोकांची साधी गाडी. तिच्यात ६.४ लिटरचं इंजिन घातलं, अंगावर लाल-पांढरा-निळा रंग फासला आणि किंमत ठेवली २,९९८ डॉलर. बनल्या १,५१२. वजन साधारण ३,१६० पौंड, म्हणजे १,४३० किलोच्या घरात.

आकडा पुन्हा ऐका. ३,१६० पौंड. थंडरबोल्टपेक्षा कमी! आणि हिला काचा काचेच्या, दारं पोलादाची, मागे सीट, दोन वायपर. अर्थात इंजिन लहान होतं, थंडरबोल्टइतकी ती पळत नव्हती, हे मान्य. पण सोमवारी कामावर जायला, रविवारी शर्यतीला जायला तीच गाडी चालत होती. थंडरबोल्टने जे काढून टाकून मिळवलं, ते रॅम्बलरने मुळातच न घेता मिळवलं. उपासाने बारीक होणं आणि मुळात सडपातळ असणं, यातला हा फरक आहे.

मग सर्वांत हलकी कोणती?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. आज बोललेल्या गाड्यांत शर्यतीच्या शेल्बीला धरलं तर ती, साधारण १,१५० किलो. सात लिटरच्या गाड्यांत १९६८ ची हेमी डार्ट आणि बाराकुडा, १,३६० च्या आसपास. रोज वापरता येईल अशा पत्र्याच्या गाड्यांत रॅम्बलरला वरचं स्थान द्यावं लागेल.

पण असे आकडे वाचताना एक पथ्य पाळा. वजन म्हणजे कोणतं वजन, ते आधी विचारा. कारखान्यातून पाठवतानाचं, पेट्रोल न भरलेलं वजन वेगळं. टाकी भरून रस्त्यावर उभ्या गाडीचं वजन वेगळं. चालकासकट शर्यतीच्या काट्यावरचं आणखी वेगळं. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचं एक आणि दुसरीचं दुसरं घेतलं, की शंभर-दोनशे पौंडांचा घोळ सहज होतो.

१९७० नंतर हा खेळ आटोपला. विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे कायदे आले, १९७३ पासून बंपर भक्कम असावेत असा नियम आला, आणि तेलाचा भडका उडाला. गाड्या पुन्हा जड झाल्या, इंजिनं मंदावली. उरलेल्या हेमी डार्ट आणि बाराकुडा मात्र आजही पाव मैल धावतात. त्यांच्यासाठी सुपर स्टॉकमध्ये वेगळा वर्गच आहे.

आम्ही सुरुवातीला म्हटलं, की हा इतिहास नियमांचा आहे. संघटनेने वजन ठरवलं, गाडी बरोबर तितकीच झाली. धातू ठरवला, जाडी बदलली. संख्या ठरवली, तितक्याच बनल्या. माणसाची हुशारी नियम मोडण्यात दिसत नाही, नियमात न लिहिलेली जागा शोधण्यात दिसते. तेव्हा नियम लिहिणाऱ्याने काय विचारायचं राहून गेलं, ते शोधायचं असेल तर काय काय काढून टाकलं त्याची यादी वाचावी. आणि ती यादी कुठे लपवलेली नव्हती. कंपनीने स्वतःच गाडीवर लिहून ठेवली होती.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.